कुत्र्याच्या फोडांची लागण होते का?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतात, त्या सुमारास बऱ्याच शाळांच्या आवारात एक नवीन गोष्ट दिसू लागते. पाण्याच्या टाकीमागे किंवा पडक्या भिंतीच्या आडोशाला कुत्रीने पिल्ले घातलेली असतात. आपल्याकडच्या गावकुत्र्यांचा माजाचा हंगाम साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो आणि गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा. त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पिल्लेच पिल्ले. पोषण आहाराच्या खिचडीतला घास मुले त्यांना नेऊन घालतात, उचलून कडेवर घेतात, त्यांची नावे ठेवतात. मग एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येते, की पिल्लाच्या पोटावर पिवळसर फोड आले आहेत. मुलांमध्ये कुजबुज होते, पालकांपर्यंत बातमी जाते आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रश्न येऊन पडतो, 'हे पोरांना लागेल का?' नाशिक परिसरातल्या शिक्षकांशी बोलताना हा प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा भेटला आहे. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच निघते: पिल्ले पोत्यात भरून दूर कुठेतरी सोडून यायची. आई नसलेली तीन आठवड्यांची पिल्ले 'सोडली' म्हणजे त्यांचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून या प्रश्नाचे नीट उत्तर शोधणे आवश्यक आहे. ते 'हो' किंवा 'नाही' इतके सरळ नाही आणि त्यामुळेच वर्गात मांडण्याजोगे आहे.

आपल्या भाषेने यात आधीच एक भेद करून ठेवला आहे. लूत 'लागते', पण गळू 'होते' आणि फोड 'येतात'. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगाला 'लागण' हा शब्द, आणि शरीरात आपले आपण उद्भवल्यासारखे वाटते त्याला 'होणे'. हा भेद करणाऱ्या आपल्या पूर्वजांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. तरीही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, ते सत्याच्या बरेच जवळ होते.

द्राक्षांचा घड

पुवाने भरलेल्या फोडात काय असते, हे प्रथम नीट पाहिले ते स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील अलेक्झांडर ऑगस्टन या शल्यचिकित्सकाने. १८८० च्या सुमारास त्याने रुग्णांच्या गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला गोल गोल जिवाणूंचे पुंजके दिसले. तोच पू उंदरांना व गिनीपिगांना टोचल्यावर त्यांनाही गळवे झाली. १८८२ मध्ये त्याने या जिवाणूंना नाव दिले, स्टॅफिलोकॉकस. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या मुलांना हे नाव पाठ करावे लागू नये! बागेतला भरगच्च घड डोळ्यांसमोर आणावा आणि त्यातला एकेक मणी एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा लहान कल्पावा. पुवातले चित्र जवळजवळ तसेच असते.

माणसाच्या त्वचेवर उपद्रव करणारी या कुळातली मुख्य जात म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. कुत्र्यातही तीच असावी, असा समज बरीच वर्षे होता. १९७६ मध्ये कुत्रे, घोडे, कबुतरे इत्यादींतील जिवाणूंना 'इंटरमीडियस' ही स्वतंत्र जात मानण्यात आले. २००५ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी 'स्यूडइंटरमीडियस' या आणखी एका जातीचे वर्णन केले आणि दोनच वर्षांत जनुकांच्या तपासणीतून उलगडा झाला, की कुत्र्यांच्या फोडांत सापडणारा जिवाणू सर्रास हाच आहे. 'स्यूड' म्हणजे खोटा, तोतया. ज्याला आपण तोतया म्हटले तोच खरा मालक निघाला, अशी ही गंमत. नावांचा हा घोळ केवळ पंडितांच्या कामाचा आहे असे वाटेल, पण तसे नाही. माणसाचा जिवाणू वेगळा आणि कुत्र्याचा वेगळा, या एका गोष्टीवर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर अवलंबून आहे.

हा स्यूडइंटरमीडियस कुत्र्याच्या शरीरावर बाहेरून चाल करून आलेला शत्रू नव्हे. बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या नाकात, तोंडात आणि गुदद्वाराभोवती तो वस्तीला असतोच. पिल्लू जन्मल्यावर आई त्याला चाटून साफ करते, त्या पहिल्या काही तासांतच तो पिल्लाच्या अंगावर येतो आणि पुढे जन्मभर राहतो. कुत्र्याच्या त्वचेच्या पेशींना चिकटून राहण्याची त्याची हातोटी विशेष आहे, माणसाच्या त्वचेला तो तितकासा चिकटत नाही.

मग तो एरवी गप्प का असतो आणि मध्येच फोड का आणतो?

कुत्र्याचे कातडे

कुत्र्याची त्वचा केसांमुळे दणकट वाटते, प्रत्यक्षात ती आपल्यापेक्षा नाजूक आहे. केसाळ भागात तिच्या वरच्या पापुद्र्यात जिवंत पेशींचे जेमतेम तीन ते पाच थर असतात. आपल्या त्वचेत याच्या दुपटी-तिपटीने असतात. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि ते आम्ल बऱ्याच जिवाणूंना मानवत नाही. कुत्र्याची त्वचा उदासीनतेच्या जवळ असते. आपल्या केसाच्या मुळाशी तोंडावर तेलकट पदार्थाचे एक प्रकारचे बूच असते, कुत्र्यात ते नीटसे नसते. शिवाय कुत्र्याच्या एकेका छिद्रातून एक जाड आणि अनेक बारीक केस बाहेर येतात, म्हणजे दार जरा मोठेच. जिवाणूंना आत शिरायला हा रस्ता सोयीचा.

तरीही बहुसंख्य कुत्र्यांना फोड येत नाहीत. त्वचा धड असेपर्यंत आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा जागेवर असेपर्यंत जिवाणूंची संख्या आटोक्यात राहते. यांपैकी काहीतरी बिघडले, की हेच शेजारी घरात घुसतात. बिघडण्याची कारणे अनेक आहेत. पिसवा चावल्या, त्यांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याने शेपटीचे मूळ चावून चावून सोलून काढले. गोचिडांनी जखमा केल्या. धूळ, परागकण किंवा खाण्यातल्या एखाद्या पदार्थाच्या ॲलर्जीने अंगाला सतत खाज सुटली. उतारवयात थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले. किंवा नुसता पाऊस. नाशकात श्रावणातली झड आठवडाभर चालली, की दाट केसांच्या लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डच्या अंगावरची ओल केसांच्या तळाशी सुटत नाही. एका रात्रीत गालावर किंवा मांडीवर तळहाताएवढा लाल, ओलसर, चिकट चट्टा उठतो आणि मालक घाबरून दवाखाना गाठतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकांतही हेच घडते. थंड, पुष्कळ केसांच्या प्रदेशातली जनावरे आपण हौसेने दमट हवेत आणतो, त्याची ही किंमत. गावठी कुत्र्याचे आखूड केस या बाबतीत शहाणे म्हणायचे.

फोड किती खोल आहेत, त्यावरून पशुवैद्यक त्यांची वर्गवारी करतात. वरचेवरचे, केसांच्या मुळापर्यंत गेलेले, आणि मूळ फुटून खालच्या थरात पसरलेले. शेवटचा प्रकार दुखरा असतो, त्यातून रक्तमिश्रित पू वाहतो आणि तो बरा व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात. यांपैकी कोणताही प्रकार असला, तरी 'फोड का आले' या प्रश्नाला 'जिवाणूंमुळे' हे अर्धेच उत्तर असते. उरलेले अर्धे सापडले नाही, तर औषधाने फोड जातात आणि महिन्याभराने परत येतात.

नाव एक, स्वभाव दोन

आता शाळेतल्या त्या पिल्लाकडे वळू. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाच्या पोटावर, जांघेत, जिथे केस विरळ असतात तिथे, लहान पिवळे फोड येतात, फुटतात आणि खपल्या धरतात. याला पिल्लांचा इंपेटिगो म्हणतात. खाणे अपुरे, पोटात जंत, बसायची जागा ओली आणि घाण, अशा पिल्लांत तो जास्त दिसतो. जागा कोरडी झाली, पोट भरले, जंतांचे औषध मिळाले, की पुष्कळदा आपोआप जातो. एका पिल्लाकडून दुसऱ्याला तो लागत नाही. एकाच कुशीतल्या चार पिल्लांना एकदम झाला, तर त्याचे कारण चारही पिल्ले सारखीच उपाशी आणि सारख्याच चिखलात आहेत, हे असते.

माणसांच्या मुलांनाही इंपेटिगो होतो. नाक-तोंडाभोवती फोड येतात, फुटून त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरते. शिक्षकांनी तो नक्की पाहिला असेल. हा मात्र चांगलाच सांसर्गिक आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस पायोजीनस हे जिवाणू हाताने, पंचाने, पट्टीपेन्सिलीने एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात आणि अख्ख्या बाकाला फोड येऊ शकतात. म्हणजे नाव एकच, पण पिल्लाचा रोग पसरत नाही आणि मुलाचा पसरतो. अशा वेळी वर्गातल्या मुलांच्या तोंडावर फोड दिसले आणि दारात फोड आलेले पिल्लू असले, तर दोष कोणाच्या माथी जाणार, हे उघड आहे. प्रत्यक्षात ते फोड मुलांनी एकमेकांनाच दिलेले असतात.

संसर्ग म्हणजे काय, हे ठरवण्याचे नियम रॉबर्ट कॉखने घालून दिले. रोग्यात जंतू सापडला पाहिजे, तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळाला पाहिजे. (जाता जाता एक मराठी संबंध सांगतो. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सरकारने १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये एक जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली. चार वर्षांनी ती कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिचीच भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. कॉख १८९७ मध्ये मुक्तेश्वरला येऊन गेला.) कॉखच्या नियमांत एक गृहीत आहे. जंतू हा निरोगी शरीरात एरवी नसतो, तो आला म्हणजे रोग आला. क्षयाला, पटकीला हे बऱ्याच अंशी लागू पडते. कुत्र्याच्या स्यूडइंटरमीडियसला पडत नाही. तो सगळ्यांतच आहे आणि रोग थोड्यांनाच आहे. जंतू एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, नाकाला नाक लावले तरी जातो, पण त्याच्याबरोबर रोग जातोच असे नाही. जंतूचा प्रसार आणि रोगाचा प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना समजावून द्यायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

लूत मात्र लागते

तर मग लागण होते ती कशाची? लुतेची. पण लूत हा जिवाणूंचा रोग नाही. सार्कोप्टिस नावाचा, कोळ्यांच्या दूरच्या नात्यातला एक आठपायी किडा त्वचेत बोगदे करून राहतो. मादी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे नजर तीक्ष्ण असली तर पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसेल न दिसेल इतकी. माणसाच्या खरजेचा किडा याच जातीचा, फक्त वाण वेगळा. १६८७ मध्ये इटलीतील बोनोमो व चेस्तोनी या दोघांनी खरजेच्या फोडांतून हा किडा टोकरून काढला, त्याचे चित्र काढले आणि खरूज त्याच्यामुळेच होते असे लिहून ठेवले. एखाद्या रोगाचे नेमके कारण डोळ्यांनी दाखवून देण्याचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. वैद्यकशास्त्राने पुढे दीडशे वर्षे ते फारसे मनावर घेतले नाही, ही गोष्ट निराळी.

लुतेची सुरुवात बहुधा कानांच्या कडा आणि पुढच्या पायांचे कोपरे इथून होते. खाज भयंकर. कुत्रे रात्रंदिवस खाजवते, केस जातात, कातडी हत्तीसारखी जाड व सुरकुतलेली होते. नखांनी त्वचा फाटली, की तिथे आपला जुना शेजारी स्टॅफिलोकॉकस आत शिरतो आणि पू होतो. घोटाळा होतो तो इथे. पाहणाऱ्याला पू दिसतो आणि लागणही दिसते, म्हणून पूच लागतो असा निष्कर्ष निघतो. लागतो तो किडा, पू त्याच्या मागून येतो.

सगळेच किडे लागट नसतात, हेही सांगायला हवे. डेमोडेक्स नावाचा दुसरा एक किडा, जाड सुरळीच्या आकाराचा, केसांच्या मुळांत राहतो. तो आईकडून पिल्लाला पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध पिताना मिळतो आणि पुढे बहुतेकांत निमूट राहतो. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या पिल्लात तो वाढून केस झडतात. दिसायला लूतच, पण शेजारच्या कुत्र्याला वा माणसाला तिच्यापासून धोका नाही. दोहोंतला फरक डोळ्यांनी ठरवता येत नाही. पशुवैद्यक बोथट पात्याने त्वचा खरवडतात, तेलाच्या थेंबात ते खरवडण काचपट्टीवर घेतात आणि पाहतात. पाच मिनिटांचे काम. जिवाणूंच्या फोडाचेही तसेच. फोडातला थेंब काचेला लावून रंगवला, की पांढऱ्या पेशींच्या पोटात गिळलेले गोल जिवाणू दिसतात.

फोड फुटल्यावर कधी कधी त्याची कड गोलाकार पसरत जाते, मध्यभाग बरा होतो आणि कडेला पापुद्रा सुटतो. हे हुबेहूब गजकर्णासारखे दिसते आणि बुरशीचे औषध सुरू होते. उलट खरे गजकर्ण, म्हणजे मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीची लागण, कुत्र्या-मांजरांकडून मुलांना होऊ शकते, ते नुसते केस झडलेल्या चकत्यासारखे दिसून नजरेतून सुटते.

मुलांना नेमके काय लागू शकते?

लुतेच्या कुत्र्याला उचलून घेणाऱ्या मुलाच्या हातांवर, पोटावर, मांड्यांवर, जिथे जिथे कुत्र्याचा स्पर्श झाला तिथे, बारीक लाल पुरळ उठून खाज सुटते. परंतु कुत्र्याच्या वाणाचा किडा माणसात आपला वंश वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले आणि संपर्क थांबला, की काही आठवड्यांत हे पुरळ जाते. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर रेषेसारखी उठलेली, रात्री वाढणारी, घरातल्या सगळ्यांना असलेली खरूज ही माणसाकडून माणसाला आलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले. तिला कुत्रे जबाबदार नाही.

गजकर्णाचेही बरेचसे असेच. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे औषधाला दाद न देणाऱ्या गजकर्णाची लाट आली आहे. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. ती प्रामुख्याने माणसांतच, एकमेकांचे कपडे व टॉवेल वापरून पसरते. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड अशा तिघांची भेळ असलेल्या मलमांनी हा रोग चिघळवला, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. हीच मलमे लोक कुत्र्यालाही चोपडतात. खाज तात्पुरती थांबते, त्वचा आणखी पातळ होते, जंतूंना रान मोकळे मिळते आणि उरलेले मलम कुत्रा चाटून पोटात घेतो.

राहता राहिले पुवाचे फोड. कुत्र्याचा स्यूडइंटरमीडियस माणसात रोग करतो, पण क्वचितच, आणि तोही बहुधा चाव्याच्या जखमेतून किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात. फोडवाल्या कुत्र्याच्या मालकाच्या नाकात तो काही काळ सापडतो आणि नाहीसा होतो. उलट दिशेची वाहतूक आपण विसरतो. औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जेव्हा पाळीव कुत्र्यात सापडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा घरातल्या माणसाकडून आलेला असतो.

हा 'औषधांना न जुमानणारा' प्रकार थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. मेथिसिलिन हे प्रतिजैविक १९५९ मध्ये वापरात आले आणि दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, इंग्लंडमध्ये त्याला दाद न देणारे ऑरियस सापडले. कुत्र्यांच्या स्यूडइंटरमीडियसमध्ये हीच क्षमता देणारे जनुक उशिरा आले, पण २००५ नंतरच्या काही वर्षांत असे वाण युरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरले. ते मेथिसिलिनच्या कुळातल्याच नव्हे, तर इतरही अनेक औषधांना दाद देत नाहीत. या वाणामुळे होणारे फोड इतर फोडांपेक्षा जास्त वाईट नसतात, फक्त औषध चालत नाही. आणि इथे 'जंतू पसरतो, रोग पसरत नाही' हे आश्वासन पुरे पडत नाही. कारण असा वाण निरोगी कुत्र्याच्या नाकात मुकाट्याने जाऊन बसला, तर पुढे कधी त्याला जखम झाली वा शस्त्रक्रिया करावी लागली, तर तोच वाण वर येतो. दवाखान्यातले टेबल, केस कापायची यंत्रे, पिंजरे, माणसांचे हात ही त्याच्या प्रवासाची साधने.

गर्दीचा मुद्दा यातूनच निघतो. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतून भटकी कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्या आदेशाच्या बऱ्यावाईटाची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु त्वचारोगांच्या दृष्टीने पाहिले, तर पन्नास कुत्री गल्लीगल्लीत विखुरलेली असणे आणि तीच एका पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलेली असणे, यांत फार फरक आहे. आत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची तपासणी, आठ-पंधरा दिवस वेगळे ठेवण्याची जागा आणि कोरडी फरशी नसेल, तर लूत आणि गजकर्ण बघता बघता सगळीकडे होतात, आणि हट्टी जिवाणूंनाही तिथे मोकळे मैदान मिळते.

जळके ऑइल नको

लुतेवर रामबाण म्हणून गॅरेजमधले जळके ऑइल कुत्र्याला फासण्याची चाल नाशिकपासून नागपूरपर्यंत आहे. हेतू चांगला असतो. तेलाच्या थराखाली थोडे किडे गुदमरून मरतही असतील, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पण इंजिनातून निघालेल्या त्या काळ्या द्रवात झिजलेल्या धातूंचे कण आणि विषारी हायड्रोकार्बने असतात. ती सोललेल्या त्वचेतून आत जातात आणि चाटण्यातून पोटात. फिनेलचेही तेच. त्यापेक्षा जुने गंधकाचे औषध शतपटीने बरे, किड्यांवर गंधक खरोखरच चालते. आणि २०१३ नंतर तर आयसोक्साझोलीन कुळातल्या गोळ्या आल्या आहेत. पशुवैद्यकाने वजन पाहून दिलेली अशी गोळी खाण्यातून घातली, की पिसवा, गोचीड आणि दोन्ही प्रकारचे किडे मरतात. ज्याला हात लावणे शक्य नाही, अशा भटक्या कुत्र्यालाही त्यामुळे बरे करता येऊ लागले आहे. एकेकाळी गोळी घालून मारावे लागे, आता गोळी घालून बरे करता येते!

जिवाणूंच्या वरवरच्या फोडांना हल्ली पोटातून प्रतिजैविके सहसा देत नाहीत. सोबतीच्या प्राण्यांच्या संसर्गरोगांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही भर बाहेरून करायच्या उपचारांवर आहे. क्लोरहेक्सिडीन असलेल्या शांपूने आठवड्यातून दोन-तीन वेळा आंघोळ घालायची. फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यायचा आणि मग धुवायचा. ही दहा मिनिटे बहुतेक लोक पाळत नाहीत आणि शांपूला दोष देतात. फोड खोल असतील तर मात्र पुवाची तपासणी करून नेमके प्रतिजैविक ठरवावे लागते.

शाळेने स्वतः उपचाराच्या फंदात पडू नये. खाजेने त्रस्त झालेले कुत्रे हात लावल्यावर चावू शकते, आणि चावणे किंवा ओरखडणे हा फोडांपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. त्वचारोगाचा रेबीजशी संबंध नाही, पण चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखान्यात जाणे, यात तडजोड नाही.

वर्गात करण्याजोगे

कुत्र्याला हात न लावता बरेच पाहता येते. शाळेच्या वाटेवर दिसणारी कुत्री मुलांनी दहा पावलांवरून पाहावीत आणि ती अंगाचा कोणता भाग खाजवतात, याची आठवडाभर नोंद करावी. कानांच्या कडा आणि कोपर असतील तर लुतेचा संशय, शेपटीचे मूळ असेल तर पिसवांचा, पंजे चाटत असेल तर ॲलर्जीचा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा असे केले, तर तुलना करता येईल. जंतू वाढवून पाहण्याचे प्रयोग मात्र शाळेत करू नयेत.

जंतू कसा हातोहात जातो, हे हळदीने दाखवता येते. एका मुलाच्या तळहाताला किंचित तेल लावून त्यावर चिमूटभर हळद चोळावी. त्याने चेंडू हाताळावा, मग तो चेंडू दहा मुलांनी एकमेकांकडे द्यावा. पिवळा रंग सातव्या-आठव्या हातापर्यंत पोहोचलेला सहज दिसतो. आता सगळ्यांनी नेहमीसारखे नुसत्या पाण्याने हात धुवावेत आणि नंतर ओल्या हातांना कपडे धुण्याच्या साबणाची वडी फिरवावी. साबण अल्कधर्मी असल्याने जिथे जिथे हळद उरली आहे तिथे ती लालसर तपकिरी होते. पाठोपाठ लिंबाचा थेंब टाकला, की पुन्हा पिवळी. कोणाच्या हातावर हे लाल डाग कुठे उरले, याचे चित्र प्रत्येकाने कागदावर हाताचा ठसा गिरवून त्यात भरावे. नखांच्या कडा, अंगठ्याचे मूळ आणि बोटांच्या बेचक्या, या जागा जवळजवळ प्रत्येक चित्रात येतील. यांतल्या बेचक्या म्हणजे माणसाच्या खरजेच्या किड्याचीही आवडती जागा.